नाकमुरड्या पूटचा शाप

इसामाल गावच्या बाजारात टोमॅटो निवडता निवडता बायका अजूनही आवाज खाली आणून सांगतात, की नासारियो पूटने एका बुधवारी चाळीस परदेशी पाहुण्यांना माया भाषेतला जुना शाप दिला, आणि दिवे लागायच्या आत चाळीसच्या चाळीस जण मठाच्या अंगणात आतडी बाहेर येईस्तोवर ओकले. बसमध्ये माणसं एकेचाळीस होती. एकेचाळिसावी होती एक म्हातारी, तिला त्याने सोडलं. तिच्या कानात त्याने आधीच उतारा फुंकला होता म्हणे.

नासारियोला नासारियो फक्त पाद्री म्हणायचा, तोही बाप्तिस्म्याच्या वहीत तसं लिहिलंय म्हणून. बाकी सगळ्या गावाला तो नाकमुरड्या. जन्मल्यावर सुईणीने पालथा धरून चापट मारली तेव्हा तो रडला नाही, तिच्याकडे वळून त्याने नाक मुरडलं, असं त्याची आई सांगायची. सूप पाहून नाक मुरडायचा, सासुरवाडी पाहून मुरडायचा, पावसाला मुरडायचा आणि पाऊस नसला की उन्हाला. त्याच्या घरी पुढच्या खोलीत लग्नाचा फोटो आहे. त्यात सगळे हसताहेत आणि नवरदेवाचं तोंड असं, जणू कोणी त्याच्या नाकाखाली मेलेला उंदीर धरलाय. बायको फिदेलिया आल्यागेल्याला खुलासा द्यायची, "मला बघून नाही हो! फोटोवाल्याच्या तोंडाला वास येत होता."

ते नाक सरळ व्हायचं ते आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी. आमच्याकडे रविवार वासाने कळतो. रात्रभर जमिनीत पुरलेलं डुकराचं मांस पहाटे उकरून काढतात, केळीची पानं उलगडतात, आणि आंबट संत्र्याचा, लाल मसाल्याचा वास गल्लीभर धावत सुटतो. ती कोचिनिता. नासारियो इस्त्रीचा सदरा घालून, हातात डबा धरून रांगेत पहिला. दुपारच्या आत सगळं संपतं. उरलंच तर कुत्र्याला. कोचिनिता सोमवारी खाणारा माणूस इसामालात जन्मायचा आहे, सोमवार घेवड्याचा.

पोटापाण्याला नासारियो गाईड होता. एकतीस वर्षं. बाप घायपात तोडून तोडून हाताची सालं घालवून मेला, आजाही तसाच. पूटांच्या घराण्यात छातीवर फोटोचा बिल्ला लावून, मायांच्या उजाड जुन्या शहराच्या फाटकातून पहारेकऱ्याचा सलाम घेत आत जाणारा हा पहिला. बिल्ला सरकारी होता, पण राहायचा सहलीच्या कंपनीच्या मर्जीवर. कंपनीने तिसरी तक्रार लिहून पाठवली की बिल्ला जमा. आणि बिल्ला गेला की नासारियो पूट म्हणजे फाटकाबाहेर लाकडी मुखवटे विकणाऱ्यांतला आणखी एक. या माणसाला जगात सगळ्याची किळस होती, त्या बिल्ल्याची नव्हती. रोज सकाळी तो त्याला रुमालाने पुसायचा.

दोन तक्रारी झालेल्या होत्या. पहिली, त्याने पाहुण्यांना सांगितलं की जुन्या शहरातल्या पवित्र विहिरीत बळी म्हणून नुसत्या सुंदर कुमारिका टाकत होते हे झूठ आहे. तिथल्या हाडांत पुरुष आहेत, लहान पोरं आहेत. अर्धी बस हिरमुसली. दुसरी, एका बाईने तीन मुखवटे घेतल्यावर म्हणाला, "छान आहेत. हिरवा दगड म्हणून दिलेत ना? उन्हात ठेवू नका, वितळतील."

कंपनीचा मॅनेजर उबाल्दो रेहोन, मेरिदा शहरातला, वय बत्तीस, अंगावर अत्तराचा असा थर की तो गेल्यावरही पाच मिनिटं खोलीतच असायचा. त्याने नासारियोला समोर बसवलं.

"मास्तर, लोक काय दगड बघायला येतात?"

"नाही तर काय तुझं तोंड बघायला?"

"रक्त, मास्तर, रक्त! इतक्या लांबून येतात ते तुमच्या पंचांगाचं गणित ऐकायला नाही. छाती फाडली, हृदय काढलं, देवाला दाखवलं. एवढं झालं की माणूस खूश."

"माझ्या आज्याने कोणाची छाती फाडली नाही. त्याला घायपातातून फुरसत नव्हती."

"आज्याला राहू द्या. पुढल्या आठवड्यापासून नवा कार्यक्रम. जेवणाआधी तुम्ही पुजारी. मायात मंत्र म्हणायचा, हृदय वर धरायचं, आशीर्वाद द्यायचा. आणि तोंड जरा हसरं ठेवा. आणि ऐका, पाहुणे काय घेतात, कुठे जेवतात, काय खातात, त्यावर एक अक्षर नाही. एक अक्षर बोललात की तिसरी तक्रार." उबाल्दोने स्वतःच्या छातीवर, बिल्ला लटकतो त्या जागी, बोटाने टिचकी मारली.

नासारियोने नाक मुरडलं आणि सही केली.

तर तो बुधवार. सकाळी फाट्यावर बस आली. दार उघडलं की आधी वास उतरायचा आणि मग ड्रायव्हर एल्मर कान्चे. सनस्क्रीन, ओले बूट, मागच्या संडासातलं निळं औषध आणि कोणीतरी सीटखाली दडपलेली केळ्याची साल.

"चढा मास्तर," एल्मर म्हणाला. "आज माल ताजा आहे. एकाने आत्ताच पिसांचा मुकुट घातलाय. अजून एकही दगड बघितला नाही, पण राजा झालाय!"

मुकुटवाला पहिल्या रांगेत. पिसं प्लास्टिकची, खालून घामाचे ओघळ. बटाट्याचा भाव विचारावा तसं त्याने विचारलं, "दिवसाला किती हृदयं काढायचे?"

"सुट्टी धरून की सोडून?" नासारियो म्हणाला. मुकुटवाल्याने ते लिहून घेतलं.

मोठ्या पिरॅमिडसमोर गाईड टाळी वाजवतात आणि पायऱ्या पाखराच्या आवाजात ओ देतात. नासारियोला ती ओ एकतीस वर्षांनीही आवडायची, फक्त तो कोणाला सांगत नसे. त्या दिवशी त्याने टाळी वाजवली, पाखरू बोललं, आणि मुकुटवाल्याने दोन पावलं पुढे होऊन पायऱ्यांना खच्चून ढेकर दिली. दगडांनी तीही परत केली. चाळीस माणसं पोट धरून हसली, आणखी तिघांनी ढेकरा देऊन पाहिल्या. वाऱ्याबरोबर सकाळच्या सॉसेजचा वास नासारियोच्या तोंडावर आला.

हसली नाही ती एकेचाळिसावी. नेदरलँड्सची निवृत्त शिक्षिका, योहाना नाव, पंच्याहत्तरीची, पायात पुरुषी बूट, हातात वही. ती त्याच्याजवळ आली, वहीत बघून घसा साफ केला आणि भयानक उच्चारात म्हणाली, "बिश अ बेल?"

आमच्या भाषेत खुशाली विचारतात ती वाटेची. तुझी वाट कशी आहे? हे तिने कुठल्याशा पुस्तकातून उचललं होतं. एकतीस वर्षांत हजारो लोकांनी त्याला हृदयांचा आकडा विचारला होता, संडास कुठे ते विचारलं होतं. वाट कोणी विचारली नव्हती. नासारियोचं नाक एक क्षणभर सरळ झालं.

"चाललीय, बाई," तो म्हणाला. "दगडधोंड्यांतून."

जेवण वाटेतल्या एका मोठ्या खानावळीत. अंगणात सिमेंटचा पिरॅमिड, दोन पुरुष उंच. पायऱ्यांवरून लाल ऑइलपेंटचे ओघळ सोडलेले आणि मागच्या बाजूला, जिथे बसवाले उभे राहून मोकळे होत, तिथे माशांचा ढग. उबाल्दो नवा कार्यक्रम बघायला मुद्दाम गाडी घेऊन आला होता. नासारियोला त्याने बिबट्याच्या ठिपक्यांची चादर पांघरली, हातात काळा प्लास्टिकचा सुरा दिला, आणि पायाशी बादली ठेवली. बादलीत हृदय. म्हणजे लाल स्पंज. लाल पाण्यात भिजलेला, पिळला की ठिबकणारा. पाणी आठवड्याभराचं होतं आणि स्पंजाला शेवाळलेल्या मोरीचा वास सुटला होता.

"वर धरा, मास्तर! आता पिळा! मंत्र!"

चाळीस जणांनी डोळे मिटले, तळवे आकाशाकडे केले. कोपराच्या आतून गार, बुळबुळीत पाणी नासारियोच्या काखेत उतरलं. मंत्र त्याला येत नव्हता. खरे मंत्र येणारा म्हातारा त्याच्या लहानपणीच वारला होता, आणि येत असते तरी इथे म्हणाला नसता. मग त्याच्या तोंडून आपोआप निघालं ते, जे तो रोज सकाळी झुल्यात पडल्या पडल्या ऐकायचा. शेजाऱ्यांचं डुक्कर परसात घुसलं की फिदेलिया मायात ज्या शब्दांनी त्याचा उद्धार करायची, ते. त्याने ते खर्जात लावलं, शेवट लांबवला:

"निघ रे डुकरा, निघ! काल कोथिंबीर खाल्लीस, आज मुळे खाल्लेस, उद्या मला खाशील काय? तुझ्या मालकाच्या ताटात पडशील, लक्षात ठेव!"

तीनदा म्हणाला. मुकुटवाल्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. एकीने फोनवर सगळं टिपून घेतलं. एल्मर कान्चे बसच्या पायरीवर बसून ऐकत होता. एल्मर शहरात वाढलेला. आजीची भाषा त्याला शिव्यांपुरती आणि प्राण्यांपुरती येई. त्याला एकच शब्द कळला, तोही तीन वेळा. केकेन. डुक्कर.

मग जेवण. पत्र्याची लांबलचक भांडी, खाली मिणमिणते दिवे. वाढप्याने मधल्या भांड्याचं झाकण उचललं, पाटीवर लिहिलेलं वाचून दाखवलं, "कोचिनिता! आमची खासियत!" आणि वाफ आली. नासारियोने नाक मुरडलं. ते एल्मरने पाहिलं, वाढप्याने पाहिलं, गाडीच्या किल्ल्या खुळखुळवत निघालेल्या उबाल्दोनेही पाहिलं. कोणालाच काही वाटलं नाही. ते नाक मुरडलेलंच असे. उबाल्दोने लांबूनच छातीवर टिचकी मारून दाखवली, हसला आणि मेरिदाला गेला.

रांग लागली. मुकुटवाल्याने दोनदा वाढून घेतलं, बोटं चाटली, पिसाला पुसली. नासारियो भिंतीला टेकून उभा राहिला. योहानाबाईचा नंबर आला, तिने डाव उचलला, तेवढ्यात तो भिंत सोडून पुढे गेला आणि तिच्या कानाशी वाकला. ओठ हलले, एवढं एल्मरने पाहिलं. बाईने डाव परत ठेवला.

तिथून बस एका विहिरीवर पोहायला गेली आणि साडेचारच्या सुमारास इसामालला आली.

आमचं गाव पिवळं. मठ पिवळा, कमानी पिवळ्या, दुकानं पिवळी. आणि मठ उभा आहे तो जुन्या माया देवळाचे दगड काढून, त्याच्याच जोत्यावर. नासारियो हे सांगायला तोंड उघडतोय तोच मुकुटवाल्याचा रंग गावाला शोभेसा झाला. त्याने कमानीचा खांब धरला, मुकुट पुढे आला आणि तो त्या मुकुटातच ओकला. मग त्याची बायको. मग ढेकरा देणारे तिघे, ओळीने, जणू दगडांनी आवाज परत करावा तसे. एक माणूस पळत उतारावरून खाली निघाला आणि पोचला नाही, यापेक्षा जास्त सांगायला नको. अंगणाच्या गवतावर माणसं चारी पायांवर. पाद्रीबाबा बादली घेऊन धावला, दुसरी आणायला पळाला, मग बादल्यांचा नाद सोडून त्याने नळाची नळीच ओढली. चौकातल्या टांग्यांचे घोडे, गवती टोप्या घातलेले, त्यांनीसुद्धा माना वळवल्या. कोचिनिताचा लाल रंग पिवळ्या भिंतींवर उतरला, आणि वास असा, की कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्याने गाडी झाकून घर गाठलं.

सगळ्यांच्या मधे योहानाबाई. ठणठणीत. एकेकाचं कपाळ धरत होती.

एल्मर टांगेवाल्यांच्या घोळक्यात पांढराफटक उभा होता.

"मी ऐकलं ना या कानांनी! हृदय हातात धरून म्हणाला, केकेन, केकेन, केकेन. तीनदा!"

"आणि मग त्यांनी खाल्लं काय?" एका टांगेवाल्याने विचारलं.

"केकेनच की!"

टांगेवाल्याने छातीवर क्रूस काढला. गावभर पोचायला एवढं पुरलं.

कोणी दगावलं नाही. दोन दिवस सलाइन लागलं, आणि चाळीसही जण वजन उतरून आपापल्या देशी गेले. खानावळीने भांडी रातोरात घासली. कंपनीने कळवलं, ऊन लागलं. ऊन काय चाळीस जणांना एकदम, हात धरून लागतं? त्यामुळे आमच्या लोकांसमोर शाप सोडून दुसरं उरलंच नाही. लहानपणापासून आम्ही ऐकत आलो, की माणसाचं जनावर करणारे, स्वतः रात्री जनावर होणारे 'वाय' गावोगाव असतात. आता आमचा वाय सापडला होता, आणि त्याचं नाक बघितलं तर कोणालाही पटण्यासारखं होतं.

शुक्रवारी सकाळी उबाल्दो तिसरी तक्रार घेऊन बिल्ला न्यायला आला. शाप-बिप त्याला मान्य नव्हता, शिकलेला माणूस. पण फोनवर टिपलेला तो मंत्र कंपनीत सगळ्यांनी ऐकला होता, आणि त्यानेही दोन दिवसांत दहा वेळा. दारात उभा राहून म्हणाला, "मास्तर, तमाशा खूप झाला. द्या इकडे."

नासारियो झुल्यातून उठला. बिल्ला पुसून टेबलावर ठेवला होता. त्याने तो उचलला, पण हात पुढे येईना.

आणि नेमकं तेव्हाच, घरामागून, फिदेलियाचा आवाज उठला. चढा, किनरा, संतापलेला. तेच शब्द. तोच हेल. शेवट तसाच लांबवलेला.

उबाल्दोच्या अत्तरातून घामाचा वास वर आला. "हे… हे काय चाललंय आत?"

"बायको," नासारियो म्हणाला. "रोजचंच."

"रोज?"

तेवढ्यात मागच्या दाराने एक पुष्ट, गुलाबी डुक्कर तोंडात मुळ्याची पानं घेऊन घुसलं, पुढच्या खोलीत आलं, थबकलं, आणि उबाल्दोच्या डोळ्यांत बघून एकदा हुंकारलं. मग त्याच्या दोन पायांमधून रस्त्यावर गेलं. उबाल्दो भिंतीला चिकटला होता.

"मास्तर," तो अगदी हळू म्हणाला, "तो… आमच्यापैकी कोणी नव्हता ना?"

इथे नासारियोला सगळं सांगता आलं असतं. डुकराचं, बायकोचं, त्या भांड्याचं. त्याने उबाल्दोकडे पाहिलं आणि नाक मुरडलं.

"बिल्ला असू द्या तुमच्याकडेच," उबाल्दो उंबऱ्याबाहेर उलटं पाऊल टाकत म्हणाला. "हृदय बंद. चादर बंद. पंचांग सांगा, काय हवं ते सांगा. तक्रारी मी फाडतो. फक्त माझं नाव कुठे… म्हणजे, मंत्रात नको."

गाडी गेल्यावर फिदेलिया हात पुसत आली. "कोण आलं होतं रे? आणि डुकराने त्याला पाडलं की काय?"

नासारियोने सांगितलं. ती हसून हसून खाली बसली. मग हसू ओसरलं, आंबट संत्री घेऊन ती सोलायला लागली, आणि मान वर न करता म्हणाली, "म्हाताऱ्या, एक विचारू? एवढ्या वर्षांत तुझं नाक कशाकशाला वाकडं होतं ते मला पाठ आहे. माझ्या आईला वाकडं होतं ते वेगळं, आणि खरंच काही सडलं की होतं ते वेगळं. बुधवारी कुठलं होतं?"

तो बिल्ला रुमालाने पुसत राहिला. तिने परत विचारलं नाही. पण त्या दिवशी त्याचं ताट तिने जरा आपटूनच ठेवलं.

तेव्हापासून नासारियोला मान फार. टांगेवाले टोपी काढतात. बायका रडकी पोरं घेऊन दारात उभ्या राहतात, "मामा, जरा फुंकर घाला". त्यांच्या शेंबडाकडे बघून तो नाक मुरडतो आणि त्या समाधानाने घरी जातात. जुन्या शहरात तो आता विहिरीतल्या हाडांबद्दल खरं तेच सांगतो, कोणी अडवत नाही. फक्त रविवारी सकाळी रांगेत डबा घेऊन फिदेलिया जाते. तो वास गल्लीत शिरला की तो खिडकी लावून घेतो.

नाताळाच्या आधी नेदरलँड्सहून एक पोस्टकार्ड आलं. दोनच ओळी. आभार, आणि खाली त्याच भयानक स्पेलिंगमध्ये, बिश अ बेल? ते त्याने लग्नाच्या फोटोच्या चौकटीत खोचून ठेवलंय. उत्तर लिहिलेलं नाही.

शाप नव्हता. मांस रविवारचं होतं. नासारियोला झाकण उघडताक्षणी वासाने कळलं होतं. बिल्ला जाईल म्हणून तो गप्प बसला, आणि एका म्हातारीच्या कानात तेवढं म्हणाला, "बाई, आज बुधवार आहे. अंडी घ्या."